पेशीपटलाची रचना आणि घटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले विद्यार्थी, अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलं, नर्सिंग आणि फार्मसी शिकणारे, आणि मुलांचा अभ्यास घेताना अडलेले पालक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे अडचणीचे. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच दिसतं. पुस्तकातली आकृती पाहून पेशीपटल म्हणजे आतला माल सांडू नये म्हणून घातलेली पिशवी, असं मनात बसतं. ती पिशवी मनातून गेली की निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून उत्तरांत व्याख्या कमी आणि 'असं का' जास्त आहे.

१. पेशीपटल म्हणजे काय? प्रद्रव्यपटल ही वेगळी गोष्ट आहे का?

वेगळी नाही, दोन्ही नावं एकाच गोष्टीची. पेशीच्या आतलं द्रव्य आणि बाहेरचं जग यांच्यामधलं पातळ आवरण म्हणजे पेशीपटल. केंद्रक नसलेल्या पेशी असतात (आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशी), भित्तिका नसलेल्याही असतात, पण पटल नसलेली जिवंत पेशी नसते.

२. पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांत फरक काय? आणि प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते, मग त्या फुटत कशा नाहीत?

भित्तिका पटलाच्या बाहेर असते आणि ती आधार देते. वनस्पतींमध्ये ती मुख्यतः सेल्युलोजची, बुरशीत कायटिनची, बहुतेक जीवाणूंत पेप्टिडोग्लायकनची. पाणी, क्षार, साखर यांचे लहान रेणू तिच्यातून सहज जातात. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे पटल ठरवतं.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे आणि पुस्तकं तो सहसा टाळतात. प्राण्यांची पेशी खरोखरच फुटू शकते. तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुटतात. म्हणूनच शिरेतून देतात ते सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं, नुसतं पाणी कधीच नसतं. शरीरात पेशी टिकतात त्या दोन कारणांनी. एक तर भोवतालचा द्रव आतल्या द्रावणाशी जुळणारा असतो. दुसरं म्हणजे पटलातला एक पंप आत झिरपलेलं सोडियम सतत बाहेर फेकत असतो. तो पंप औषधाने बंद पाडला की पेशी फुगायला लागते. पंपाबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. पटल किती जाड असतं? कांद्याच्या पापुद्र्यात आम्हाला दिसलं ते पटलच ना?

जाडी साधारण ५ ते १० नॅनोमीटर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यात दिसतात त्या रेघा भित्तिकांच्या. गालाच्या पेशी मेथिलीन ब्लूने रंगवल्यावर जी कड दिसते ती पेशीद्रव्य जिथे संपतं ती सीमा. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्याही मेलेल्या पेशींच्या भित्तिकाच होत्या.

'पेशीपटल कोणी शोधलं' या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही, ते याचमुळे. पटल डोळ्यांनी दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचं अस्तित्व तर्काने ओळखलं गेलं. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये परासरणाच्या (पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जाण्याच्या) प्रयोगांवरून पेशीद्रव्याभोवती असं आवरण असलंच पाहिजे असं मांडलं. त्याचं स्पष्ट चित्र मिळालं ते १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

४. पटल कशाचं बनलेलं असतं? घटकांची टक्केवारी सांगा.

मेद, प्रथिनं आणि कर्बोदकं. टक्केवारी विचारताना 'कोणत्या पेशीची' हेही विचारायला हवं. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीच्या पटलात वजनाने सुमारे ५२ टक्के प्रथिनं, ४० टक्के मेद आणि ८ टक्के कर्बोदकं असतात. पुस्तकांत बहुधा हेच आकडे येतात आणि ते सगळ्या पटलांचे आहेत असा समज होतो. चेतातंतूंभोवतीच्या मायलिन आवरणात मात्र सुमारे ८० टक्के मेद असतात, कारण त्याचं काम विद्युतरोधकाचं. उलट तंतुकणिकेच्या आतल्या पटलात जवळपास ७५ टक्के प्रथिनं, कारण ऊर्जानिर्मितीची सगळी यंत्रणा तिथे बसलेली असते. पटलाचं काम सांगा, त्यात प्रथिनं जास्त की मेद याचा अंदाज करता येतो.

अजून एक. वजनाने निम्मंनिम्मं म्हणजे संख्येने निम्मंनिम्मं नव्हे. मेदाचा रेणू प्रथिनापेक्षा खूपच लहान असतो, त्यामुळे अशा पटलात एका प्रथिनामागे साधारण ५० मेदरेणू असतात.

५. मेदांचे दोनच थर का? एक किंवा तीन का नाहीत?

या पानावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

पटलातला मुख्य मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्यात फॉस्फेट असतं, त्यावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. शेपट्या मेदाम्लांच्या, बहुधा १६ किंवा १८ कार्बनच्या साखळ्या, त्यांच्यावर भार नाही. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात आणि ते बंध सतत तुटत-जुळत असतात. मध्ये शेपटी घुसली की तिच्याभोवतीच्या पाण्याला जखडल्यासारखं ठरावीक मांडणीत राहावं लागतं. शेपट्या एकत्र गोळा झाल्या की पाण्याची ती अडचण कमी होते. म्हणजे शेपट्यांना एकमेकींची विशेष ओढ आहे असं नाही. पाणीच त्यांना एका बाजूला लोटतं.

आता पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. एकच थर ठेवला तर शेपट्यांची बाजू पाण्यात उघडी पडते. दोन थर शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून बसले की दोन्हीकडची अडचण मिटते. तिसऱ्या थराला जागाच उरत नाही. हे थर एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधलेले नाहीत आणि ते रचायला कोणी कारागीरही लागत नाही. फॉस्फोलिपिड पाण्यात ढवळले तर परीक्षानळीतसुद्धा दुहेरी थराच्या बंद गोळ्या आपोआप तयार होतात.

'बंद' हा शब्द इथे महत्त्वाचा. थराला मोकळी कड राहिली तर कडेच्या शेपट्या उघड्या पडतील, म्हणून थर वळून स्वतःला मिटवून घेतो. छोटं भोक पडलं तर तेही याच कारणाने सांधतं. वंध्यत्वाच्या एका उपचारात अतिशय बारीक सुईने स्त्रीबीजाचं पटल भेदून आत शुक्रपेशी सोडतात, आणि सुई काढल्यावर ते बीज जगतं.

६. दुहेरी थर असतो हे पहिल्यांदा कळलं कसं?

सुरुवात चार्ल्स ओव्हर्टनपासून. १८९०च्या दशकात त्याने शेकडो पदार्थ पेशींवर वापरून पाहिले. जो पदार्थ तेलात चांगला विरघळतो तो पेशीत लवकर शिरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यावरून आवरण मेदासारखं असावं असा अंदाज बांधता आला.

थर मोजले ते १९२५ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनला, एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल यांनी. त्यांनी मुद्दाम तांबड्या रक्तपेशी निवडल्या. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, म्हणजे जो मेद निघेल तो बाहेरच्या पटलाचाच. ॲसिटोनने मेद काढून त्यांनी तो पाण्यावर एक रेणू जाडीचा पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरलं. निष्कर्ष सरळ: पेशीभोवती दोन थर.

पुढे लक्षात आलं की त्यांच्या मोजणीत दोन त्रुटी होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, आणि वाळवलेल्या पेशींवरून काढलेलं पृष्ठफळही खऱ्यापेक्षा कमी होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना कापलं आणि उत्तर बरोबर आलं. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. निष्कर्ष टिकला तो या एका प्रयोगामुळे नाही, नंतरच्या अनेक वेगळ्या पद्धतींनी तेच दाखवल्यामुळे.

७. डॅनिएली-डॅव्हसन, रॉबर्टसन, सिंगर-निकोल्सन: यांतलं बरोबर कोणतं?

आज मानतात ते सेमूर जोनाथन सिंगर आणि गार्थ निकोल्सन यांचं १९७२ चं प्रतिमान, ज्यात मेदांचा तरल दुहेरी थर आहे आणि त्यात प्रथिनं जागोजागी रुतलेली आहेत. त्याआधी १९३५ मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी मेदाच्या दोन्ही अंगांना प्रथिनांचे सलग थर कल्पिले होते. रॉबर्टसन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दोन गडद रेघा आणि मध्ये फिकट पट्टा दिसला आणि सगळी पटलं अशाच एका साच्यातली आहेत असं त्यांनी मांडलं.

ते डळमळलं दोन प्रयोगांनी. एकात पेशी गोठवून फोडतात. भेग पटलाच्या मधोमध, शेपट्यांच्या सीमेवर जाते आणि दोन थर वेगळे होतात. प्रथिनं फक्त बाहेरून चोपडलेली असती तर फुटलेला आतला पृष्ठभाग गुळगुळीत दिसायला हवा होता. तिथे उंचवटे दिसले, ती पटलात रुतलेली प्रथिनं. दुसरा प्रयोग फ्राय आणि एडिडिन यांचा, १९७० चा. त्यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जुळवली. दोघांची पटलातली प्रथिनं वेगवेगळ्या चमकणाऱ्या रंगांनी खुणावलेली होती. सुरुवातीला रंग अर्धे-अर्धे होते, ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत ते पूर्ण मिसळले, आणि थंडीत ठेवल्यावर मिसळणं मंदावलं. प्रथिनं पटलात सरकतात याचा हा थेट पुरावा.

जुनी प्रतिमानं 'चुकीची' म्हणून झटकून टाकू नका. मेदाचा दुहेरी थर तिन्हींत आहे, वाद होता तो प्रथिनांच्या जागेबद्दल.

८. 'तरल' म्हणजे पटल खरंच तेलासारखं वाहतं असतं का?

हो, पण दोन दिशांनीच. थराच्या पातळीत मेदरेणू फार वेगाने जागा बदलतात. एक रेणू सेकंदाला साधारण २ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे एखाद्या जीवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. या थरातून त्या थरात उडी मारणं मात्र अवघड, कारण पाण्यात रमणारं डोकं शेपट्यांच्या भागातून न्यावं लागतं. मदतीशिवाय फॉस्फोलिपिडला त्यासाठी तास किंवा दिवसही लागू शकतात.

तरलता शेपट्यांवर ठरते. संपृक्त मेदाम्लं सरळ असतात, ती दाटीने बसतात. असंपृक्त मेदाम्लांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे मध्ये जागा राहते. थंडीत तूप थिजतं आणि करडईचं तेल पातळ राहतं, त्यामागचं रसायन हेच आहे. सजीव याचा उपयोग करतात. ई. कोलाय जीवाणू थंडीत वाढवले तर ते आपल्या पटलातल्या असंपृक्त शेपट्यांचं प्रमाण वाढवतात. रेनडिअर बर्फात उभं राहतं, त्याच्या पायांत खुरांजवळच्या मेदांत असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वरच्या भागापेक्षा जास्त असतं.

सगळी प्रथिनं मात्र मोकळी फिरत नाहीत. बरीचशी आतल्या सांगाड्याला बांधलेली असतात. तांबड्या रक्तपेशीत पटलाखाली स्पेक्ट्रिन प्रथिनाची जाळी असते. ती किंवा तिचे सांधे जन्मतः सदोष असले तर पेशी चकतीसारखी न राहता गोल होते आणि प्लीहेत अडकून लवकर नष्ट होते.

९. कोलेस्टेरॉल वाईट ना? मग ते पटलात काय करतं?

रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल हा रक्तवाहिन्यांचा प्रश्न आहे. पटलातलं कोलेस्टेरॉल ही प्राण्यांच्या पेशीची गरज आहे. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पटलात ते भरपूर असतं. त्याची कडक वलयं शेपट्यांच्या शेजारी बसतात, उष्णतेत त्यांची हालचाल आवरतात आणि थंडीत त्यांना घट्ट थिजू देत नाहीत. लहान रेणूंची गळतीही त्यामुळे कमी होते. वनस्पतींत हे काम सिटोस्टेरॉलसारखे भाऊबंद करतात, बुरशीत अर्गोस्टेरॉल (प्रश्न १८), आणि जीवाणूंत ते बहुधा नसतंच (अपवाद प्रश्न १९ मध्ये).

१०. प्रथिनं पटलात टिकतात कशी? ती तर पाण्यात विरघळतात.

पटलातली प्रथिनं सहसा पाण्यात विरघळत नाहीत, तीच तर खूण आहे. जो भाग शेपट्यांच्या प्रदेशातून जातो तिथे पाणी टाळणारी अमिनो आम्लं असतात. मेदाचा हा गाभा सुमारे ३ नॅनोमीटरचा. आरपार जाणारी साखळी बहुधा मळसूत्रासारखी वळलेली असते आणि तिच्यात प्रत्येक अमिनो आम्ल ०.१५ नॅनोमीटर अंतर कापतं, म्हणून आरपार जायला साधारण २० अमिनो आम्लं लागतात. त्यामुळेच जनुकाचा नुसता क्रम वाचून 'हे प्रथिन पटलाला इतक्या वेळा छेदतं' असा अंदाज संगणक करू शकतो.

काही प्रथिनं आरपार जात नाहीत. ती आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला चिकटून असतात, किंवा मेदाच्या एका साखळीने थराला टाचलेली असतात.

११. पटलावरच्या साखरेच्या साखळ्यांचा उपयोग काय?

ओळख. या साखळ्या नेहमी बाहेरच्या अंगाला असतात, मेदांना किंवा प्रथिनांना जोडलेल्या. तुमचा ए, बी, ओ रक्तगट म्हणजे तांबड्या रक्तपेशींवरच्या या साखळ्यांचं शेवटचं टोक. ए गटात टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामिन, बी गटात गॅलॅक्टोज, एबी मध्ये दोन्ही, आणि ओ मध्ये ही शेवटची साखर नाहीच, फक्त 'एच' नावाचा पाया आहे. आरएच घटक मात्र साखर नाही, ते प्रथिन आहे.

यातला विलक्षण अपवाद आपल्याच मुंबईत सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये अशा व्यक्तींची नोंद केली की ज्यांच्या पेशींवर 'एच' हा पायाही नव्हता. हाच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण त्याच्या शरीराला 'एच' परका असतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. पटलावरची एक साखर कमी असण्याने जीव धोक्यात येऊ शकतो, याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

१२. पटलाची आतली आणि बाहेरची बाजू सारखीच असते का?

नाही, आणि आकृत्यांत हे जवळजवळ कधीच दाखवत नाहीत. साखरा फक्त बाहेर. मेदांतही फरक: फॉस्फॅटिडिलसेरीन हा ऋणभारित मेद निरोगी पेशीत आतल्या थरात ठेवला जातो, आणि तो तिथेच राहावा म्हणून पेशी ऊर्जा खर्च करते. पेशी मरणाच्या वाटेला लागली की तो बाहेर येतो, आणि भक्षक पेशींना 'हिला उचला' हा इशारा मिळतो. जखम झाल्यावर रक्तपट्टिकाही तो बाहेर आणतात, आणि त्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारे घटक कामाला लागतात.

१३. पटलातून काय आपोआप जातं आणि काय नाही?

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मेदात विरघळणारे छोटे रेणू सरळ जातात. पाणी जातं, पण हळू. ग्लुकोज जवळपास अडतं. सोडियम, पोटॅशियमसारखे आयन (विद्युतभार असलेले अणू) तर अगदीच अडतात, कारण भोवतीचं पाणी सोडून मेदात शिरणं त्यांना फार महाग पडतं. या सगळ्यांसाठी प्रथिनांच्या वाटा आहेत.

पाण्याची वाट म्हणजे ॲक्वापोरिन. एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, आणि तरी हायड्रोजनचा आयन निसटत नाही. पीटर ॲग्रे यांना हे प्रथिन तांबड्या रक्तपेशींत आरएच घटकाचा अभ्यास करताना हाती लागलं. ते पाणी वाहतं हे १९९२ मध्ये सिद्ध झालं, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत मिळालं.

सोडियम-पोटॅशियम पंप येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूत शोधला (नोबेल १९९७). एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) एक रेणू खर्चून तो ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. या असमतोलामुळे आणि पोटॅशियमच्या बाहेर झिरपण्यामुळे चेतापेशीच्या पटलावर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक राहतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो ५ नॅनोमीटरवर पडतो, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे १ लाख ४० हजार व्होल्ट. कोरड्या हवेत याच्या पाव हिश्श्यालाच ठिणगी पडते.

१४. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान आहे, मग पोटॅशियमच्या वाहिनीतून ते का जात नाही?

लहान आहे म्हणूनच. वाहिनी म्हणजे पटलातली प्रथिनाची वाट. आयनाला तिच्यात शिरायचं तर भोवतीचे पाण्याचे रेणू सोडावे लागतात. वाहिनीच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर आहेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. सोडियम लहान, त्याला एकाच वेळी सगळ्या बाजूंचे ऑक्सिजन टेकत नाहीत, म्हणून तो आपलं पाणी सोडत नाही. मॅकिनन यांनी १९९८ मध्ये वाहिनीची रचना उलगडली तेव्हा हे दिसलं.

१५. जलसंजीवनीत मिठासोबत साखर का घालतात? नुसतं मिठाचं पाणी का चालत नाही?

आतड्याच्या पेशींच्या पटलात एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत नेतं, एकटं कोणालाच नाही. त्यांच्यामागून पाणी जातं. साखर चवीला किंवा ताकदीला नसते, ती मीठ आत जाण्याची किल्ली असते.

कॉलऱ्यात गंमत अशी की आजार आणि उपाय दोन्ही पटलावर घडतात. कॉलऱ्याचं विष पेशीपटलातल्या जीएम१ नावाच्या साखरयुक्त मेदाला चिकटून आत शिरतं आणि क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या ठेवतं. क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी वाहून जातं. या विषाचा शोध कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये लावला. ग्लुकोज-सोडियमचा वाहक मात्र या आजारातही शाबूत राहतो, आणि तोंडावाटे दिलेलं पाणी त्याच वाटेने परत मिळवता येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे हजारो रुग्णांवर वापरून दाखवलं. आजच्या प्रमाणित पाकिटात लिटरला ग्लुकोज आणि सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. साखर वाढवू नका. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते.

१६. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेल्या अंड्याचं जे आवरण उरतं ते पेशीपटल का? आणि मनुक्याची साल?

दोन्ही नाही. अंड्याचं ते आवरण प्रथिनांच्या तंतूंचं, कवचाच्या आतलं अस्तर आहे. खरी पेशी म्हणजे आतला बलक, आणि तिचं पटल डोळ्यांना दिसत नाही. मनुका वाळताना त्यातल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात. परासरण समजायला हे प्रयोग ठीक आहेत, पेशीपटलाचा पुरावा म्हणून नाहीत.

पटलाचं काम खरोखर पाहायचं असेल तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा मिठाच्या दाट द्रावणात ठेवा. जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो, आणि वेळेत साध्या पाण्यात ठेवला तर पुन्हा पसरतो. पापुद्रा आधी उकळला असेल तर असं काही होत नाही, कारण पटल निकामी झालेलं असतं. बीटची फोड धुऊन थंड पाण्यात ठेवा आणि दुसरी गरम पाण्यात. रंग कुठे सुटतो ते पाहून मुलांना कारण विचारा.

१७. साबणाने काही विषाणू मरतात आणि काही नाही, असं का?

कोरोना किंवा फ्लूच्या विषाणूवर मेदाचा दुहेरी थर असतो, तो त्यांनी आपल्याच पेशीच्या पटलांतून उचललेला असतो. साबणाच्या रेणूला एकच शेपटी असते, तो या थरात घुसतो आणि थर विस्कटतो. पोलिओ, रोटा, नोरो या विषाणूंवर मेदाचं आवरण नाही, फक्त प्रथिनांचं कवच आहे. त्यांच्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर कमी पडतात. तिथे हात चोळून भरपूर पाण्याने धुणंच उपयोगी, कारण विषाणू वाहून जातो.

१८. नायट्याचं मलम बुरशीला मारतं, मग आपल्या त्वचेच्या पेशींना का नाही?

क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोलसारखी औषधं अर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतात, आणि ते बुरशीच्या पटलातच असतं. अँफोटेरिसिन बी थेट अर्गोस्टेरॉललाच पकडतं. कोलेस्टेरॉल त्याच्या बरंच जवळचं असल्याने हे औषध आपल्या पेशींनाही, विशेषतः मूत्रपिंडाला, त्रास देऊ शकतं. म्हणून ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

१९. जीवाणूंच्या पटलात कोलेस्टेरॉल कधीच नसतं, हे बरोबर का?

बहुतेकांत नसतं. मायकोप्लाझ्मा हा अपवाद. त्याला भित्तिका नसते, आणि आपल्या पटलाला बळकटी देण्यासाठी तो ज्याच्या शरीरात राहतो त्याचं कोलेस्टेरॉल घेतो. भित्तिका नाही म्हणूनच पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. दुसऱ्या टोकाला ई. कोलायसारखे ग्रॅम-ऋण जीवाणू आहेत, त्यांना भित्तिकेच्या आत एक आणि बाहेर आणखी एक अशी दोन पटलं असतात.

२०. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक यांची पटलं पेशीपटलासारखीच असतात का?

मूळ रचना तीच, घटक वेगळे. केंद्रकाभोवती दोन पटलं आणि त्यांत छिद्रं. तंतुकणिकेला दोन पटलं, आतल्यात कार्डिओलिपिन नावाचा चार शेपट्यांचा मेद. हरितलवकात फॉस्फेटऐवजी गॅलॅक्टोज जोडलेले मेद मुख्य असतात. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लयकारिका यांना एकच पटल. रायबोसोमला पटल नसतं.

प्रमाण ऐकलं तर आश्चर्य वाटेल. यकृताच्या पेशीतल्या एकूण पटलांपैकी बाहेरचं पेशीपटल सुमारे २ टक्केच असतं, तर निम्मं पटल एकट्या आंतर्द्रव्यजालिकेचं.

२१. पेशीपटल 'जिवंत' आणि भित्तिका 'मृत' असं लिहायचं का?

परीक्षेत विचारलं तर लिहा, तुमचे गुण जायला नकोत. पण त्यातला अर्थ एवढाच की पटलाचे घटक पेशी सतत बदलत आणि दुरुस्त करत असते. भित्तिकेतही वाढताना बरेच बदल होतात.

२२. सगळ्याच सजीवांत दुहेरी थर असतो का?

जवळपास. अपवाद आर्किया या सूक्ष्मजीवांत मिळतो. जीवाणूंत आणि आपल्यात शेपट्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात, आर्कियात ईथर बंधाने, आणि तो उष्णतेत व आम्लात जास्त टिकतो. शेपट्याही मेदाम्लांच्या नसतात, फांद्या असलेल्या आयसोप्रीन साखळ्या असतात. इथपर्यंत फरक फक्त रसायनाचा. पण अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या खूप गरम, आम्लयुक्त झऱ्यांत सापडलेल्या सल्फोलोबससारख्या आर्कियात समोरासमोरच्या शेपट्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेलेल्या असतात. एकच लांब रेणू, दोन्ही टोकांना डोकी, आणि तो पटलाच्या या पृष्ठभागापासून त्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. म्हणजे तिथे दोन थर नाहीत, एकच आहे. प्रश्न ७ मधला गोठवून फोडण्याचा प्रयोग अशा पटलावर केला तर ते मधोमध उकलत नाही, कारण मध्ये सीमाच नसते.